न हललेला हात

इस्पितळात येणाऱ्या पोरांनी तिला झिणझिणी मावशी असं नाव ठेवलं होतं आणि तिला त्याचा रागबिग काही नव्हता. पोरांना शॉक देऊन पगार घेणाऱ्या बाईला याहून वाईट नाव पडू शकलं असतं. तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टच्या पलीकडे, बोळाच्या अगदी शेवटी. दारावर खात्याचं लांबलचक नाव रंगवलेलं होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. लोक सरळ लिफ्टवाल्याला विचारायचे, "नसांचा करंट काढतात ते कुठे?" आणि तो बोट दाखवायचा.

मोठी माणसंही तिच्याकडे यायची, पण तिचा हातखंडा मुलांचा. कोपर मोडलेली, काचेने मनगट कापून घेतलेली, सायकलवरून पडलेली मुलं. त्यातली निम्मीअधिक एकाच नसेची. कोपर कशावर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात ना, तीच ती नस. तळहाताच्या कडेला पट्टी चिकटवायची, मनगटावर, कोपराच्या खाली आणि कोपराच्या वर नसेला बारीक शॉक द्यायचा, आणि तो निरोप करंगळीच्या स्नायूपर्यंत किती वेगाने पोचतो ते पडद्यावर बघायचं. वेळेत पोचला तर नस धड. रेंगाळला तर वाटेत कुठेतरी दबलेली. पोचलाच नाही तर डॉक्टरांचे चेहरे उतरायचे. मोठ्यांच्या हातात हे सोपं असतं. मुलांचा हात मुळात वीत-दीड वीत, त्यात मोजताना सेंटिमीटरभर चुकलं की धडधाकट नसही आजारी ठरते.

घरी नवरा वायरमन. "मी जन्मभर फुकट शॉक खाल्ले आणि तुला ते द्यायचा पगार मिळतो," हा विनोद तो एकोणतीस वर्षं करत होता, आणि तीही एकोणतीस वर्षं त्याला हसत होती. संसार म्हणजे तरी दुसरं काय असतं?

तिच्या काही रिती होत्या. मूल आलं की आधी त्याचे हात कोमट पाण्याच्या टोपात बुडवायचे, कारण गार हातातली नस आळशी असते आणि यंत्राला तिचा आळस आणि आजार यातला फरक कळत नाही. मग पहिला शॉक स्वतःच्या मनगटावर. करंगळी टुणकन उडायची, मूल हसायचं, निम्मी भीती तिथेच संपायची. आणि तिसरी रीत टेपची. शिंप्याकडे असते तसली कापडी टेप ती दर वर्षी नवी घ्यायची, वापरून वापरून कापड ताणतं म्हणून. कोपर वाकवल्याशिवाय ती कधी मोजत नसे. किती वाकवलं होतं तेही ती रिपोर्टवर लिहायची. शिकायला आलेल्या मुली म्हणायच्या, मावशी, हे कोण वाचतं? ती म्हणायची, मी वाचते.

या तिसऱ्या रितीमागे एक गोष्ट होती आणि ती तिने कोणालाच सांगितली नव्हती, नवऱ्यालाही नाही.

नोकरीच्या तिसऱ्या वर्षी सोळा वर्षांचा एक गोलकीपर आला होता. उंच, लाजरा, सारखा पंजा चोळणारा. हाताला मुंग्या यायच्या, पकड सुटायची. तिने त्याचा हात टेबलावर सरळ ठेवला आणि मोजला. तिला तसंच शिकवलं होतं, म्हणजे खरं तर नीट शिकवलंच नव्हतं. ती नस कोपराच्या मागून हाडाला वळसा घालून जाते. हात सरळ असला की आत ती सैल पडून राहते, आणि वरून टेप लावली की अंतर कमी भरतं. अंतर कमी, वेळ तेवढाच, म्हणजे वेग कमी. रिपोर्ट गेला की नस कोपरात दबली आहे. मोठ्या डॉक्टरांनी कोपर उघडलं आणि नस उचलून पुढे आणून ठेवली.

वर्षभराने बाहेरगावचे एक म्हातारे डॉक्टर खोली बघायला आले. तिचं काम थोडा वेळ पाहिलं, आणि काही न बोलता त्यांनी समोरच्या रोग्याचं कोपर हळूच वाकवलं. तिला त्या क्षणी कळलं. पुढे तो मुलगा पुन्हा तपासणीला आला तेव्हा तिने कोपर वाकवून मोजलं. रोज सायकल दामटून मनगटाशी दबलेली नस तेवढी दिसत होती. महिना-दोन महिने हँडल सोडलं असतं तर बरी झाली असती. आता कोपरावर वीतभर व्रण होता, त्या बाजूला झेप घेतली की कळ यायची, आणि गोलमध्ये दुसरा कोणी उभा राहत होता. त्याच्या आईने तिचा हात हातात घेतला. तुमच्यामुळे वेळेवर कळलं हो, म्हणाली. आणि झिणझिणी मावशी मूग गिळून बसली.

तेव्हापासून तिने कानाला खडा लावला होता. पण खडा कानाला होता, तोंड बंदच राहिलं होतं. ते तिला आतून पोखरत राहिलं, हेही सांगितलं पाहिजे.

निवृत्तीला सात महिने उरले असताना एका शुक्रवारी सकाळी किल्लीवाला त्याच्या मुलीला घेऊन आला. बसथांब्याजवळ त्याचं कपाटाएवढं दुकान. त्याने फाइल दोन्ही हातांनी छातीशी धरली होती. मुलगी अकरा वर्षांची, डावखुरी, जरा कमी बोलणारी. जिन्याच्या कठड्यावरून घसरताना पडली आणि डाव्या कोपराच्या वरचं हाड मोडलं. तारा घालून हाड दीड महिन्यात जुळलं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिरच राहिलं, आत वळत गेलं. चार महिने झाले होते. शाळेतून आलं की दुकानात बसून नवी घासलेली प्रत्येक किल्ली कुलपात फिरवून बघणं हे या मुलीचं काम होतं. आता अंगठा आणि बोटाच्या मध्ये किल्ली धरली की अंगठा मुडपायचा आणि किल्ली निसटायची.

हाडांच्या मोठ्या डॉक्टरांनी बापाला स्पष्ट सांगितलं होतं. शुक्रवारच्या तपासणीत नस परत येत असल्याची खूण दिसली तर हात लावायचा नाही, कारण जुळत आलेल्या नसेला उघडून छेडणं म्हणजे तिचं नुकसानच. खूण दिसली नाही तर सोमवारी सकाळी कोपर उघडायचं. बापाने हे सगळं झिणझिणी मावशीला दोनदा सांगितलं, जणू तिने एकदाच ऐकलं तर अर्धंच लागू पडलं असतं.

तिने मुलीचे हात कोमट पाण्यात ठेवले. स्वतःची करंगळी उडवून दाखवली. मुलगी हसली, अगदी थोडं. मग पट्ट्या चिकटवताना ती नेहमीप्रमाणे म्हणाली, "आता हात अजिबात हलवायचा नाही हं. हललीस की पडद्यावर सगळी गिजबिज होते." बापाने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तेच पुन्हा सांगितलं, हलू नकोस गं.

मुलगी खरंच हलली नाही. शॉक वाढवत नेला तरी डोळे मिटून बसून राहिली. करंगळीच्या स्नायूची रेघ सपाट आली. बापाने पडद्याकडे पाहून मान खाली घातली, पण मावशीला त्यात नवल वाटलं नाही. तुटलेली नस पुन्हा वाढताना महिन्याला इंचभर पुढे सरकते, कोपरापासून तळहातापर्यंत पोचायला तिला अजून बरेच दिवस लागणार होते. आशा होती ती पहिल्या मुक्कामावर. कोपराच्या चार बोटं खाली एक स्नायू असतो, मनगट करंगळीच्या बाजूला वाकवणारा. नस निघाली असेल तर आधी तिथे पोचणार. तिथलं बघायचं तर सुई लागते, आणि सुई डॉक्टर घालतात.

डॉक्टर नवीन होती, आठ महिन्यांपूर्वी आलेली. हात हलका, बोलणं गोड, पण बाहेर बाकावर बारा जण बसलेले. मावशी मुलीच्या हातावरचा चिकटा पुसत होती तेवढ्यात दारात दोन बायकांचं नंबरावरून जुंपलं, ती त्यांना समजवायला उठली, आणि परत आली तोवर डॉक्टरने सुई उघडली होती. मावशीने मनगट धरलं आणि काम सुरू झालं.

सुई केसासारखी बारीक, तिची वायर यंत्राला जोडलेली, आणि स्नायूत जे चालतं ते स्पीकरवर ऐकू येतं. निरोगी स्नायू स्वस्थ असला की गप्प असतो. हा गप्प नव्हता. त्यातून बारीक टिकटिक येत होती. नस तुटून एकटा पडलेला स्नायू अशी आपली आपणच कुरकुर करत राहतो, कोणाच्या सांगण्यावरून नाही.

डॉक्टरने सांगितलं, मनगट करंगळीकडे वाकव. टिकटिक. अजून जोरात वाकव. टिकटिक. मुलीचा चेहरा लाल झाला होता, ओठ मिटलेले. डॉक्टरने सुईची जागा बदलली, पुन्हा सांगितलं, पुन्हा नुसती टिकटिक. तिने सुई काढली, हलक्या आवाजात मावशीला सांगितलं की काहीच खूण नाही, आणि रिपोर्ट टाइप करायला घेतला. बापाला शब्द ऐकू आले नव्हते. त्याने डॉक्टरचा चेहरा वाचला होता.

मावशीच्या हातात अजून ते मनगट होतं आणि तिच्या अंगठ्याला काहीतरी खटकत होतं. मनगट वाकवताना पुढच्या बाजूला दोन-तीन शिरा, म्हणजे स्नायूंच्या दोऱ्या, ताठ होतात. त्यातली करंगळीकडची तेवढी या बिघडलेल्या नसेची. बाकीच्या दुसऱ्या नसेच्या, आणि ती नस ठणठणीत होती, तिने स्वतःच थोड्या वेळापूर्वी शॉक देऊन तपासली होती. मग त्या का उठल्या नाहीत? शेजाऱ्याचं घर शाबूत होतं, तरी त्यानेही दार उघडलं नव्हतं.

तिला गोलकीपरच्या आईचा हात आठवला. गरम होता तो हात. निवृत्तीला आलेली बाई आता डॉक्टरांना शिकवायला लागली, असं उद्या बोळभर होईल हेही मनात आलं. रिपोर्टची तिसरी ओळ पडद्यावर उमटत होती.

"डॉक्टर, एक मिनिट," ती म्हणाली आणि मुलीच्या खुर्चीशी उकिडवी बसली. "बाळा, डॉक्टरांनी वाकव म्हटलं तेव्हा तू वाकवलंस का?"

मुलीने बापाकडे पाहिलं. मग मावशीकडे. "नाही."

"का गं?"

"तुम्हीच सांगितलं होतं, अजिबात हलायचं नाही म्हणून." ती पुढे म्हणाली, "आणि सुई आत होती. आत असताना जोर लावला की मोडते. मग अर्धी आतच राहते."

बापाने डोळे मिटून घेतले. मुलगी दुकानात बसायला लागली तेव्हा त्याने तिला पहिली शिकवण दिली होती ती ही, की अडकलेल्या किल्लीवर जोर द्यायचा नाही. किल्ली आत मोडली की कुलूप कापावंच लागतं.

तपासणीच्या पहिल्या भागात हात निपचित हवा असतो आणि दुसऱ्या भागात हललेला हवा असतो. मधे एक वाक्य म्हणायचं असतं, आता हलायचं बरं का. एकोणतीस वर्षं मावशीने ते म्हटलं होतं. आज दारातलं भांडण मिटवता मिटवता तेवढं राहून गेलं होतं. आणि मुलगी आज्ञाधारक निघाली. आज्ञाधारक मुलांची काळजी कोणी घेत नाही, हे मात्र खरं.

या वेळी तिने मूग गिळले नाहीत. "डॉक्टर, चूक माझी आहे. मी तिला हलू नकोस म्हटलं आणि ते परत घेतलं नाही. हात मेलेला नाही. ती सांगितल्याप्रमाणे गप्प बसली आहे. पुन्हा करावं लागेल."

डॉक्टरने दाराकडे पाहिलं, बाकावरच्या बारा जणांकडे. मग कीबोर्डवरून हात काढले. तरुण असली तरी तिच्यात तेवढं शहाणपण होतं.

पण मुलगी तयार होईना. तिचं म्हणणं सरळ होतं. शॉक मावशीने आधी स्वतःला दिला होता, सुई कुठे दिली होती? डॉक्टर नको नको म्हणत होती, तोवर मावशीने बाही वर सारलीसुद्धा. नवी सुई उघडली गेली आणि तिच्या हातात, कोपराच्या चार बोटं खाली शिरली. दुखलं. इतकी वर्षं ती मुलांना मुंगी चावल्यासारखं वाटेल असं सांगत आली होती, ते काही तितकंसं खरं नव्हतं. तिने मनगट करंगळीकडे वाकवलं आणि पत्र्यावर गारा कोसळाव्यात तसा आवाज खोलीत भरला. थांबवलं, आवाज थांबला. सुई बाहेर आली ती सरळच्या सरळ. मुलीने डॉक्टरला ती उजेडात फिरवायला लावून नीट बघितली, दुकानात नवी किल्ली बघत असे तशी, आणि मान हलवली.

मग तिच्या हातात दुसरी सुई गेली. टिकटिक सुरू झाली.

"आता वाकव. मोडत नाही," मावशी म्हणाली.

मावशीच्या अंगठ्याखाली शेजारच्या शिरा उठल्या. टिकटिक, टिकटिक. बाप भिंतीला टेकून पुटपुटत होता, हल गं, हल. टिकटिकीच्या मधेच एक जाड आवाज आला. टक. मग पुन्हा. टक, टक. डॉक्टरने सांगितलं थांब, आणि तो थांबला. वाकव, आणि तो आला. एकच होता, फार तर दोन असतील. पण टिकटिक कोणाचं ऐकत नव्हती आणि हा ऐकत होता. मुलीच्या मनातून निघालेला निरोप कोपर ओलांडून पोचत होता.

"आलीय," डॉक्टर म्हणाली.

"काय आलीय?" बापाने विचारलं.

"नस. परत यायला निघालीय. सोमवारचं ऑपरेशन करू नका म्हणून मी आत्ताच वर फोन करते."

किल्लीवाल्याने फाइल टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मुलगी त्याला म्हणाली, बाबा, तुम्हीच तर हल म्हणालात, आता रडता काय?

पुढचं सांगून टाकलेलं बरं, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. तीन महिन्यांनी करंगळीच्या सपाट रेघेवर बारीकसा उंचवटा आला, आणि वर्ष संपायच्या आत मुलगी डाव्या हाताने किल्ली फिरवू लागली. जुन्या गंजक्या कुलपांशी अजून जरा झगडते. ती कुलपं तिच्या बापालाही दाद देत नाहीत.

पण त्या शुक्रवारी आणखी एक गोष्ट झाली. डॉक्टरने नवा रिपोर्ट तयार केला, तेव्हा पहिल्या वेळचा उल्लेख त्यात नव्हता. दुसऱ्या वेळी आलं ना मावशी, मग ते कशाला, असं तिचं म्हणणं. मावशीने हट्ट धरला. लिहा, की पहिल्या वेळी मुलीला चुकीची सूचना गेली होती आणि ती मी दिली होती. डॉक्टरने लिहिलं. मावशीने तो कागद बापाला वाचून दाखवला आणि तो काय म्हणतो याची वाट बघत उभी राहिली. चार शब्द ऐकायची तिची तयारी होती.

किल्लीवाल्याने कागद तिच्याकडून घेऊन फाइलमध्ये ठेवला. "ताई," तो म्हणाला, "आमच्या धंद्यात किल्ली मोडली की सगळे म्हणतात कुलूपच खराब होतं. माझ्या हातून मोडली म्हणणारा मी अजून बघितला नव्हता. आणि हलू नकोस तर मीही म्हणालो होतो."

संध्याकाळी तिने नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इस्त्रीची वायर सोलत होता. मुलीचं सांगून झालं, आणि ती थांबली नाही. गोलकीपरचंही सांगितलं. सरळ ठेवलेला हात, टेप, व्रण, आईने धरलेला हात, सगळं. नवऱ्याने वायर खाली ठेवली. विनोद केला नाही.

"त्याचा पत्ता आहे?" त्याने विचारलं.

"जुन्या रजिस्टरात असेल. आता चाळिशीचा झाला असेल तो. इतक्या वर्षांनी सांगून काय उपयोग?"

"तुला उपयोग असो नसो, हात त्याचा आहे," नवरा म्हणाला. "उपयोग आहे का नाही ते त्याला ठरवू दे."

सोमवारी, ज्या वेळी त्या मुलीचं कोपर उघडलं जाणार होतं साधारण त्याच वेळी, मावशीने खालच्या कपाटातून सव्वीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर काढलं. पत्ता तिच्याच अक्षरात होता. त्या घरात आता कोण राहत असेल कोणास ठाऊक. डबा खायच्या सुट्टीत तिने दार लावून घेतलं आणि कागद पुढे ओढला. सुई टोचलेली जागा टेबलाला लागली की अजून दुखत होती. पहिल्या कागदावर तिने 'तुम्ही' लिहिलं आणि तो फाडला, कारण तिच्या नजरेसमोर सोळा वर्षांचा पोरगाच पंजा चोळत उभा होता. दुसऱ्यावर आपली ओळख देण्यातच अर्धं पान गेलं, तोही फाडला. तिसऱ्यावर तिने इकडचं तिकडचं काही लिहिलं नाही.

'त्या दिवशी तुझा हात मी सरळ ठेवून मोजला. तो वाकवून मोजायचा असतो. तुझं कोपर चांगलं होतं.'